आधी समोरच्याचं म्हणणं

इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात मध्ययुगात एके काळी प्राध्यापकाला तासाला यायला उशीर झाला की दंड बसायचा. तास लांबवला तरी दंड. पुस्तकातला अवघड भाग गाळून पुढे सरकला तरी दंडच. शहराबाहेर जायचं तर आधी परवानगी काढा आणि परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवा. व्याख्यानाला पाच विद्यार्थीसुद्धा जमले नाहीत तर त्या दिवशी मास्तर गैरहजर होते असं धरून वसुली. हे सगळे नियम केले होते विद्यार्थ्यांनी. कायदा शिकायला लांबलांबून आलेल्या या मंडळींनी आपले संघ बांधले होते. मास्तरांची फी त्यांच्याच खिशातून जात होती, त्यामुळे मास्तर नेमणारेही तेच आणि त्यांना धारेवर धरणारेही तेच.

"पूर्वी विद्यापीठं ज्ञानासाठी होती, आता नोकरीसाठी झाली," असं कुणी उसासा टाकून म्हणालं की मला हे बोलोन्या आठवतं. ती पोरं तिथे सत्याच्या शोधात गेली नव्हती. राजांच्या दरबारात, बिशपांच्या कचेरीत, व्यापारी शहरांच्या कारभारात कायदा जाणणाऱ्या माणसाला मागणी होती आणि त्या मागणीचा वास त्यांना लागला होता. इटलीतल्या सालेर्नोला आणि फ्रान्समधल्या माँपेलिएला वैद्यक शिकायला जाणाऱ्यांचंही तेच. पोटापाण्याचा हिशेब विद्यापीठात पहिल्या दिवसापासून आहे. तो कुणीतरी नंतर बाहेरून आणून घुसडला, ही आपण स्वतःला सांगितलेली गोड गोष्ट आहे. जिच्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचतंय, अशा मुलीला "शिक्षण नोकरीसाठी नसतं गं" असं सांगणाऱ्याची स्वतःची नोकरी बहुधा पक्की असते.

बोलोन्यातल्या त्या दंडेलीत एक बारकावा मात्र होता. विद्यार्थी मास्तरांना वेळेवर आणू शकत, भराभर शिकवायला लावू शकत, गावाबाहेर जाऊ देत नसत. परीक्षा मात्र त्यांच्या हातात नव्हती. कोण लायक ठरला आणि कोण नाही, हे ठरवायचं डॉक्टरांच्या, म्हणजे मास्तरांच्याच, स्वतंत्र मंडळाने. मास्तर कधी आणि किती शिकवणार हे पैसे मोजणारा ठरवत होता. विद्या आली की नाही हे ठरवणारा दुसरा होता. आज विद्यार्थ्याला ग्राहक म्हणायची टूम आहे. म्हणा की. पण ग्राहकाने कुठपर्यंत बोलायचं, याची रेघ ज्यांनी दंडाच्या पावत्या फाडल्या त्यांनाही ठाऊक होती.

तरीही एक प्रश्न उरतोच. विद्या पोटासाठीच शिकायची तर एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करून भागलं असतं. सुतार, सोनार, गवंडी तसेच तयार होत होते आणि उत्तम तयार होत होते. मग विद्यापीठाने त्यात वेगळं काय घातलं?

त्यासाठी पॅरिसला जावं लागतं. तिथल्या मास्तरांचं काम दोन प्रकारचं असे. एक म्हणजे ग्रंथ वाचून त्याचा अर्थ लावून दाखवणं. दुसरं म्हणजे वाद. मास्तर प्रश्न जाहीर करायचे, उदाहरणार्थ, जग अनादी आहे की त्याला आरंभ आहे. पहिल्या बैठकीत जमलेले लोक आक्षेप घ्यायचे आणि उत्तरं द्यायची ती मास्तरांच्या हाताखाली तयार होत असलेल्या उमेदवाराने. मास्तर ऐकत बसायचे, पोरगं फारच अडकलं तर हात द्यायचे. पुढच्या बैठकीत मास्तर सगळे आक्षेप ओळीने पुन्हा मांडायचे, मग आपला निर्णय, मग एकेका आक्षेपाला उत्तर. शिवाय वर्षातून दोनदा, नाताळ आणि ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, एक खास बैठक असे. तिच्यात कुणीही कशावरही प्रश्न विचारावा. आधी सांगायचं नाही, विषयाची मर्यादा नाही. सगळेच मास्तर या बैठकीच्या वाटेला जात नसत, यात नवल नाही.

ख्रिस्ती तत्त्वचिंतक थॉमस अक्वायनस यांनी लिहिताना हाच साचा वापरला. ईश्वर आहे का, या प्रश्नापाशी हा श्रद्धावान संन्यासी पहिल्यांदा काय लिहितो? ईश्वर नसावा असं वाटायला लावणारी दोन कारणं. एक, जगात दुष्टावा आहे. दोन, जगाचा उलगडा ईश्वराला मध्ये न आणताही होतो. तेराव्या शतकातल्या माणसाने नास्तिकाची बाजू दोन वाक्यांत इतकी नेटकी मांडावी आणि मगच आपली बाजू सुरू करावी, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांची उत्तरं मला पटतात असं नाही. पण आक्षेप त्यांनी पातळ केलेले नाहीत.

न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, थोडी ओळख असलेल्याला यात आपलं काहीतरी दिसेल. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला आपलं उत्तर. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता समोरच्याचं नुसतं मोडून काढणं ती वितंडा. आपण रोज जे ऐकतो त्यातलं बरंचसं तिसऱ्या खान्यात जातं हे सांगायला नकोच. पुढे हरण्याच्या बावीस जागाही दिल्या आहेत, म्हणजे निग्रहस्थानं. त्यातली माझी आवडती आहे अननुभाषण. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलं, सभेला समजलं, तरी ज्याला त्याचं म्हणणं पुन्हा बोलून दाखवता येत नाही, तो तिथेच हरला. त्याचं स्वतःचं मत बरोबर होतं का, हे कुणी विचारतही नाही.

विद्यापीठातलं विचारस्वातंत्र्य म्हटलं की मला हा नियम दिसतो. आपण ते शब्द उच्चारतो तेव्हा डोळ्यांसमोर सहसा बोलणारा माणूस येतो: मंचावर उभा, कुणीतरी त्याचा माइक बंद करू पाहतंय. ते स्वातंत्र्य चौकातलं. ते प्रत्येक नागरिकाचं आहे आणि त्यासाठी पदवी लागत नाही. चौकात उभं राहून पृथ्वी सपाट आहे असं ओरडायचा हक्क माणसाला आहे. भूगोल विभागात मात्र त्याला त्या मतासाठी नोकरी देण्याचं बंधन कुणावर नाही. विद्यापीठात प्रश्न कुठलाही विचारता येतो, म्हणून तिथली मोकळीक चौकापेक्षा जास्त. पण उत्तर देऊन सुटका होत नाही. पुरावा द्या, आक्षेप ऐका, समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवा. त्या अर्थी ती चौकापेक्षा कमी. हे दोन्ही एकदम सांभाळायला फार जड जातं, आणि विद्यापीठांचा इतिहास बहुतेक वेळा हे न सांभाळल्याचाच आहे.

अ‍ॅरिस्टॉटलचंच पाहा. १२१० मध्ये पॅरिसला त्याच्या निसर्गविषयक ग्रंथांवर बंदी आली. वाचायचे नाहीत, शिकवायचे नाहीत. १२१५ मध्ये तीच बंदी पुन्हा बजावली गेली. १२२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या तूलूझला नवं विद्यापीठ निघालं, तेव्हा तिथल्या मास्तरांनी सगळीकडे पत्रं धाडली. पॅरिसमध्ये जे ग्रंथ बंद आहेत ते आमच्याकडे खुशाल ऐका! विचारस्वातंत्र्याची ही बहुधा सगळ्यात जुनी जाहिरात असावी, आणि ती गिऱ्हाईक ओढायला काढलेली होती. १२५५ पर्यंत पॅरिसच्या कला शाखेने तोच अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासक्रमात रीतसर लावून टाकला. पंचेचाळीस वर्षांत बंदीपासून सक्तीपर्यंत. मग १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी तिथे शिकवल्या जाणाऱ्या २१९ विधानांची यादी काढून ती निषिद्ध ठरवली; त्यातली बरीचशी अ‍ॅरिस्टॉटलच्या वळणाची होती. तरी त्याचं बस्तान काही हललं नाही. आणि शेवटी १६२४. पॅरिसमध्ये तिघांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या विरोधात काही प्रमेयं मांडून जाहीर वादाचं आमंत्रण दिलं. तिथल्या सर्वोच्च न्यायसभेने ती सभा होऊ दिली नाही, त्यांना शहराबाहेर काढलं, आणि प्राचीन मान्यवर लेखकांच्या विरुद्ध शिकवायला मनाई केली. शिक्षा, देहदंड.

म्हणजे एकाच माणसाची पुस्तकं आधी वाचायला बंदी, मग न वाचायला बंदी, मग त्यांच्याशी न पटायला बंदी. हा सगळा प्रवास एकाच शहरात झाला. बंदी घालणारे दर वेळी वेगळे होते. खात्री मात्र तीच होती. बंडखोर विचार जिंकला की तो खुर्चीवर बसतो आणि खुर्चीवर बसला की दार लावून घेतो. म्हणून माझ्या बाजूच्या विचारांना आज विद्यापीठात मान आहे, एवढ्यावर मी निर्धास्त होत नाही. १६४२ मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या विद्यापीठाने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या नव्या तत्त्वज्ञानाला दार बंद केलं, ते जुन्या, खात्रीच्या, अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूने. सतराव्या शतकातलं कितीतरी नवं विज्ञान विद्यापीठांच्या भिंतीबाहेर, सभांमध्ये आणि पत्रव्यवहारातून वाढलं, त्याचं कारण इथेच आहे.

भिंतीबाहेरच राहणं ज्यांनी पत्करलं त्यांत डच तत्त्वज्ञ स्पिनोझा आले. भिंगं घासून पोट भरणारा हा माणूस. १६७३ मध्ये त्यांना जर्मनीतल्या हायडेलबर्गला तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा देऊ करणारं पत्र आलं. पत्र सज्जनपणाने लिहिलेलं होतं. तुम्हाला चिंतनाचं पूर्ण स्वातंत्र्य असेल, आणि राज्याने मानलेल्या धर्माला धक्का लावण्यासाठी तुम्ही त्याचा गैरवापर करणार नाही असा राजेसाहेबांना विश्वास आहे. स्पिनोझांनी नम्रपणे नाही कळवलं. शिकवण्यात वेळ गेला तर चिंतन मागे पडेल, हे एक कारण त्यांनी दिलं. दुसरं असं, की धर्माला धक्का लागला असं वाटू नये म्हणून हे स्वातंत्र्य नेमकं कुठल्या मर्यादेत ठेवायचं, ते मला कळत नाही.

आजच्या नेमणूकपत्रांतही असं एखादं वाक्य असतं. "संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन करू नये." वाचून आपण सही करतो. बाधा कशाने येते हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तेच त्या वाक्याचं बळ आहे. स्पष्ट बंदी माणसाला रेघ दाखवते, रेघेच्या अलीकडे तो मोकळा असतो. धूसर वाक्य त्याला रेघेपासून दहा पावलं मागेच थांबवतं, कारण ती कुठे आहे ते त्याला माहीत नसतं.

हे स्वातंत्र्य नीट वापरलं गेलेलं मी एकदा जवळून पाहिलं. पीएचडीची खुली तोंडी परीक्षा होती, मी मागच्या रांगेत. मुलांच्या शाळागळतीवरचा प्रबंध. शाळेचं घरापासूनचं अंतर हे गळतीचं मुख्य कारण, असा निष्कर्ष. तक्ते झाले, नकाशे झाले, पडद्यावर आभाराची स्लाइड आली, टाळ्यांसाठी काही हात वरही झाले होते. तेवढ्यात बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "असं काय आढळलं असतं, तर तुम्ही हा निष्कर्ष मागे घेतला असता?"

उमेदवार मुलीने नमुन्याचा आकार सांगितला.

"तो प्रश्न नाही माझा."

मुलगी थांबली. मार्गदर्शकांनी समोरची फाइल उघडली आणि परत मिटली. मग ती म्हणाली, "शाळेला लागून असलेल्या वस्त्यांमध्येही गळती तेवढीच निघाली असती तर."

"तशा वस्त्या पाहिल्यात?"

"दोन पाहिल्या मॅडम. पण आकडे कमी होते म्हणून घेतले नाहीत."

"कमी होते म्हणून, की उलटे होते म्हणून?"

सभागृहात कुणी हललं नाही. मला वाटलं आता ही सारवासारव करणार. ती म्हणाली, "एकीत उलटे होते."

"मग ते प्रबंधात यायला हवेत. परिशिष्टात नको, चौथ्या प्रकरणात. वाचणाऱ्याला कळू दे की तुम्ही तिथे गेला होता." एवढं बोलून बाईंनी पेनाला टोपण लावलं.

पदवी मिळाली, दुरुस्त्यांसह. पण मी बराच काळ त्या "एकीत उलटे होते" या तीन शब्दांचा विचार करत राहिलो. ते बोलणं शक्य होण्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागल्या. परीक्षक मार्गदर्शकांच्या उपकाराखाली नव्हत्या. मार्गदर्शकांनी तोंड घातलं नाही. मुलीला वाटलं नाही की खरं बोलले तर संपले. यातलं एक जरी निसटतं तरी तोच प्रश्न, तेच सभागृह आणि वेगळं उत्तर. पॅरिसच्या त्या उमेदवारालाही असंच उभं केलं जात होतं. आपली तोंडी परीक्षा त्याच वादसभेची पणती आहे. फक्त आपण तिचं बऱ्याच ठिकाणी सत्कार समारंभात रूपांतर करून टाकलं आहे.

आता जरा अडचणीचं. विचारस्वातंत्र्याच्या गोष्टीत नायक नेहमी आपल्याला आवडणारा असतो: गॅलिलिओ, स्पिनोझा. वस्तुस्थिती इतकी सोयीची नाही. १९०० साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाला जावं लागलं, कारण संस्थापकांच्या विधवा जेन स्टॅनफर्ड यांना त्याची भाषणं खपली नाहीत. ट्रामगाड्या शहराच्या मालकीच्या हव्यात असं तो म्हणत होता. स्टॅनफर्डांचा पैसा रेल्वेतला. इथवर ठीक, आपण रॉसच्या बाजूने. पण त्याच रॉसची दुसरी भाषणं चिनी आणि जपानी मजुरांना देशात येऊ देऊ नये अशी होती, आणि त्यांची भाषा आज वाचवत नाही. त्याला काढल्यावर काही सहकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. त्यांतले आर्थर लव्हजॉय पुढे १९१५ मध्ये तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्यासोबत अमेरिकन प्राध्यापकांची संघटना उभी करण्यात पुढे होते. संशोधन, अध्यापन आणि नागरिक म्हणून बाहेर बोलणं, या तिन्हींचं स्वातंत्र्य तिने त्याच वर्षी लेखी मांडलं. म्हणजे आज जगभरचे प्राध्यापक ज्या तत्त्वाच्या आडोशाला उभे राहतात, त्याच्या पायात एका अशा माणसाचं प्रकरण आहे, ज्याच्याशी त्यांच्यातल्या बहुतेकांचं क्षणभरही पटलं नसतं.

मला हे पचायला जड जातं, आणि तसंच जावं. रॉसची मतं खोडून काढायला हवी होती, त्याच्याच विभागात, त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर, आकडे घेऊन. देणगीदार बाईंच्या एका पत्राने तो गेला, आणि ती मतं तशीच अनुत्तरित राहिली.

दुसरीकडे, खुल्या चर्चेच्या या सगळ्या कौतुकात एक गोष्ट दडून जाते. वादसभेत बसायला कुणाला मिळत होतं? १८३७ मध्ये जेम्स सिल्व्हेस्टर केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आले. पण ते ज्यू होते आणि पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मकलमांवर सही करावी लागे. त्यांनी केली नाही, पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अशा धार्मिक अटी कायद्याने हटल्या त्या १८७१ मध्ये. १८९० मध्ये त्याच परीक्षेत फिलिपा फॉसेट यांचं नाव वाचलं गेलं. बायकांची यादी वेगळी वाचत. त्यांना क्रमांक नव्हता, नुसतं "पहिल्या आलेल्याच्या वर" एवढं सांगितलं गेलं. पहिल्याच्या वर, आणि पदवी नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. त्याच वर्षी फॉसेट वारल्या.

हा अन्याय होताच, पण मला त्यातला ज्ञानाचा तोटा जास्त बोचतो. जिथे सगळे एकाच घरातून आल्यासारखे आहेत तिथे काही प्रश्न कुणाला सुचतच नाहीत. पूर्वपक्ष मांडायलाच कुणी नसतं. मग उत्तरपक्ष कितीही डौलदार असो, तो अर्ध्या प्रश्नांचाच असतो. म्हणून विद्यापीठात वेगवेगळ्या थरांतली माणसं यावीत, ही मागणी आणि विचारस्वातंत्र्याची मागणी या एकमेकींच्या सवती आहेत असं जे चित्र हल्ली रंगवलं जातं ते मला मान्य नाही. फक्त आलेल्या माणसाला बोलू द्यायला हवं, आणि त्याच्या बोलण्यावर उलटून विचारायलाही हवं. त्याचं मन दुखेल म्हणून त्याला आक्षेपच घ्यायचा नाही, हा मला त्याचा अपमान वाटतो.

विचार बंद केले की काय होतं, याचं सगळ्यात लख्ख उदाहरण गव्हाच्या शेतातलं आहे. निकोलाय वाविलोव हे सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ. पाच खंडांत फिरून त्यांनी पिकांची बियाणी गोळा केली होती. लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेतला तो संग्रह जगात नावाजलेला. त्रोफिम लिसेंको या कृषितज्ज्ञाला जनुकशास्त्र मान्य नव्हतं. परिस्थिती बदलली की पिकाचा स्वभाव बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, असं त्याचं म्हणणं. स्टालिनना ते आवडलं. १९४० मध्ये वाविलोव यांना अटक झाली, १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात ते उपासमारीने गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यात त्यांच्या संस्थेतले काही लोक भुकेने मेले. पोत्यांतल्या बियाण्यांना त्यांनी हात लावला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात लिसेंकोने जाहीर केलं की पक्षाच्या केंद्रीय समितीने माझा अहवाल तपासून मंजूर केला आहे. झाली चर्चा. शिक्षक गेले, पाठ्यपुस्तकं गेली. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली तेव्हा त्या देशातल्या वर्गांत जनुकाचं नाव काढायची चोरी होती. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह पायउतार झाल्यावर जनुकशास्त्र परत आलं.

या गोष्टीत मला लिसेंकोपेक्षा ते अधिवेशन जास्त भेडसावतं. चर्चा भरवली होती. वक्ते होते, भाषणं होती, कार्यवृत्त छापलं गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वादसभाच दिसली असती. फक्त निकाल आधी लागलेला होता.

आणि निकाल आधी लागायला दर वेळी स्टालिन लागत नाही. मी काही काळ शिकवत होतो तेव्हा वर्गात एक खेळ करायचो. एखाद्या वादाच्या विषयावर प्रत्येकाने आपल्याला न पटणारी बाजू घ्यायची आणि ती इतकी नीट मांडायची की ती खरोखर मानणारा म्हणाला पाहिजे, "हो, हेच मला म्हणायचं होतं." सुरुवातीला मुलं हसायची, मग रंगायची. पुढे पुढे एक नवा प्रश्न यायला लागला. "सर, हे कुणी रेकॉर्ड करत नाहीये ना?" विचारणारा मुलगा मला घाबरत नव्हता, प्राचार्यांनाही घाबरत नव्हता. तो शेजारच्या बाकावरच्या फोनला घाबरत होता. न पटणारं म्हणणं वीस सेकंद त्याच्या तोंडी पकडलं गेलं की ते जन्मभर त्याचंच ठरणार. मी फोन गोळा करून टेबलावर ठेवायला लागलो. खेळ चालू राहिला, पण पहिल्यासारखा रंगला नाही. त्या मुलाला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. त्याच्या वयात माझ्या मूर्खपणाची नोंद ठेवणारं कुणी नव्हतं, ही केवढी मोठी सवलत होती हे मला तेव्हा कळलंही नाही.

त्यात पुन्हा कर्ज. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलाला वेगळा विषय निवडणं, न पटलेल्या मास्तरांशी भांडणं, एक वर्ष चुकीच्या वाटेवर घालवून परतणं, यातलं काहीच परवडत नाही. १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुंबोल्ट यांच्या कल्पनेतून बर्लिनचं विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा शिकवणाऱ्याच्या स्वातंत्र्याबरोबर शिकणाऱ्याचंही स्वातंत्र्य धरलं गेलं होतं: काय ऐकायचं, कुणाकडे, किती दिवस, हे त्याने ठरवावं. नऊच वर्षांत, १८१९ च्या कार्ल्सबाड आदेशांनी, जर्मन विद्यापीठांवर सरकारी देखरेख अधिकारी बसले. सरकारी माणूस निदान दिसत होता. हप्ता दिसत नाही.

राहता राहिला विद्यापीठाने स्वतः मत द्यावं का, हा प्रश्न. १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एका समितीने म्हटलं की विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, ते स्वतः टीकाकार नव्हे. संस्था म्हणून गप्प राहावं, म्हणजे आतल्या प्रत्येकाला बोलता येईल. विद्यापीठाच्या मूळ कामावरच घाला येत असेल तेवढा अपवाद. मला हे बऱ्याच अंशी पटतं. कुलगुरूंनी जगातल्या प्रत्येक घडामोडीवर पत्रक काढलं की त्या पत्रकाशी न पटणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गप्प बसायला शिकतो. पण तो अपवाद कधी लागू करायचा, इथे माझं घोडं अडतं, आणि ते नेमकं एकाच विद्यापीठाच्या दोन प्रसंगांमध्ये अडतं.

१८३७ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. त्याच राज्यातल्या ग्यॉटिंगन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडून विद्यार्थ्यांसमोर कुठल्या तोंडाने उभे राहू, असा त्याचा आशय. सातांमध्ये लोककथा गोळा करणारे ग्रिम बंधू होते, पदार्थवैज्ञानिक विल्हेल्म वेबर होते. सातही जणांना काढलं गेलं, तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला लागलं. विद्यापीठ संस्था म्हणून त्यांच्या बाजूने काही बोललं नाही. थोर गणितज्ञ गाउस तिथेच होते. वेबर त्यांचे सहकारी आणि सातांतले एक, एवाल्ड, त्यांचे जावई. गाउस यांनी सही केली नव्हती.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने ज्यू आणि नकोशा प्राध्यापकांना सरकारी सेवेतून काढणारा कायदा केला. ग्यॉटिंगनमधून गणितज्ञ एमी नोएथर गेल्या, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न गेले. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक यांना त्या कायद्यातून सूट होती, कारण पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले होते. त्यांना गप्प बसून राहता आलं असतं. त्यांनी राजीनामा दिला आणि तो वर्तमानपत्रातून जाहीर केला. तेव्हाही विद्यापीठ संस्था म्हणून त्यांच्या बाजूने काही बोललं नाही. पण तिथल्या बेचाळीस शिक्षकांनी एक पत्रक काढलं. ते फ्रांक यांच्या विरोधात होतं. त्यांचा राजीनामा हा घातपाताच्या तोडीचा आहे असं त्यात म्हटलं होतं, आणि सरकारने साफसफाई लवकर उरकावी अशी अपेक्षाही होती.